अरण्यातील मुक्काम

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात धामापूर नावाचे एक गाव आहे. डोंगरांच्या कुशीत वसलेल्या या गावाला निसर्गाने हिरवाई दिली आणि पूर्वजांनी एक विस्तीर्ण तळे दिले. विजयनगर साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली ते बांधविले, असे सांगतात. तळ्याच्या काठी श्रीभगवतीदेवीचे देऊळ आहे. जवळजवळ पाचशे वर्षे हे तळे शेते भिजवीत आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याचा जागतिक वारसा सिंचन स्थळांमध्ये समावेश केला, तेव्हा गावकऱ्यांना मोठी धन्यता वाटली.

या तळ्याविषयी एक आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. फार पूर्वी गावात कोणाकडे लग्नकार्य निघाले आणि घरात दागिने नसले, की घरधनी फुलांनी भरलेली परडी तळ्यात सोडीत असे. परडी पाण्यात बुडे आणि थोड्या वेळाने सोन्याच्या अलंकारांनी भरून वर येई. कार्य पार पडले, की ते अलंकार जसेच्या तसे तळ्याला परत करावयाचे, एवढीच अट होती. पुढे कोणा एकाला मोह झाला. त्याने दागिने परत केले नाहीत. त्या दिवसापासून तळ्याने देणे बंद केले.

मुलांनो, ही कथा खरी की काल्पनिक, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मात्र ती ध्यानात असू द्या. पुढे तिची गरज लागणार आहे.

एका हिवाळ्यात याच तळ्याच्या काठी गावातील मुलांचे वनभोजन होते. जेवणे आटोपल्यावर मुलांनी मला गराडा घातला.

“गुरुजी, एकदा खऱ्या रानात मुक्काम करू या!”

“खरे रान म्हणजे कोणते रे?” मी विचारले.

“जिथे गवे असतात, अस्वले असतात, आणि चालून चालून संपत नाही ते!”

उत्तर मला आवडले. मात्र अशा रानात जाणे म्हणजे काठी खांद्यावर टाकून निघणे नव्हे. ‘आधी विचार, मग आचार’ हे सूत्र जितके संसारात खरे, तितकेच प्रवासातही खरे आहे. आम्ही तळ्याकाठीच बसून त्या प्रवासाचा आराखडा आखला. तो तुम्हांलाही उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगतो.

पहिला प्रश्न असा, की जायचे कोठे? आम्ही चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान निवडले. ‘उद्यान’ हा शब्द ऐकून फुलझाडांचे ताटवे आणि झोपाळे डोळ्यांपुढे आणू नका. राष्ट्रीय उद्यान म्हणजे निसर्गाला त्याच्या स्वभावानुसार वागू देण्यासाठी कायद्याने राखलेला प्रदेश. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान अमेरिकेत यलोस्टोन येथे १८७२ साली स्थापन झाले. आपल्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान हिमालयाच्या पायथ्याशी १९३६ साली निर्माण झाले. त्यालाच आज आपण कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखतो. महाराष्ट्रातील पहिला मान चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाला १९५५ साली मिळाला.

चांदोलीला हा दर्जा २००४ साली प्राप्त झाला. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींस भेटतात, तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे ३१७ चौरस किलोमीटर प्रदेशावर हे उद्यान पसरले आहे. वारणा नदीचे विशाल जलाशय त्याच्या पोटात आहे. प्रचितगडासारखा शिवकालीन किल्लाही त्याच परिसरात आहे. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली यांचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील काही स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतही चांदोलीचा समावेश आहे. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा हे येथील रहिवासी. आपल्या राज्याचा मानाचा प्राणी शेकरू येथे उंच झाडांवर घरटे बांधतो. कोकणात ज्याला ककणेर म्हणतात, तो धनेश पक्षीही येथे दृष्टीस पडतो.

येथे एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगितली. या रानात पूर्वी गावे होती. धरणासाठी व रानासाठी तेथील कुटुंबांना आपली घरे, शेते आणि देवळे सोडून दूर जाऊन नव्याने संसार मांडावे लागले. आज रानात हिंडताना एखादा पडका चौथरा किंवा एकटे उभे असलेले आंब्याचे झाड दिसले, तर ते कोणाच्या तरी अंगणातले असू शकेल. ज्या भूमीसाठी दुसऱ्यांनी आपली घरे सोडली, त्या भूमीत आपण मौजेखातर केरकचरा टाकून यावा काय? हा प्रश्न विचारल्यावर मुले काही वेळ गप्प झाली.

दुसरा प्रश्न : जायचे केव्हा? सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात मुसळधार वृष्टी होते. वाटा निसरड्या होतात, ओढे अकस्मात फुगतात आणि जळवा पायांना चिकटतात. त्या दिवसांत पर्यटकांना प्रवेशही बंद असतो. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, गवत वाळते आणि वणव्याचे भय असते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र समुद्रकाठच्या मुलांनी एक लक्षात ठेवावे. आपल्याकडे हिवाळा असा फारसा जाणवत नाही. घाटमाथ्यावर पहाटे दात वाजतात. घोंगडी किंवा जाड पांघरूण घेतल्यावाचून निघू नये.

तिसरा प्रश्न परवानगीचा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा आपल्या देशात १९७२ साली झाला. त्यानुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही, शस्त्र नेता येत नाही, विस्तव पेटविता येत नाही. मनाला येईल तेथे तंबू ठोकणे तर दूरच राहिले! म्हणून वनखात्याकडे आधीच अर्ज करावा. त्यात मुलांची संख्या, बरोबरच्या वडीलधाऱ्यांची नावे आणि मुक्कामाच्या तारखा स्पष्ट लिहाव्यात. उद्यान कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी उघडे असते, शुल्क किती, वाटाड्या कोठे मिळेल, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. मुक्काम मात्र उद्यानाच्या सीमेबाहेर, वनखात्याने दाखविलेल्या जागी किंवा जवळच्या गावात, गावकऱ्यांच्या संमतीने करावा. पालकांचे संमतिपत्र तर हवेच. ज्या मुलाला दमा, फेफरे किंवा अन्य आजार असेल, त्याची नोंद गुरुजींकडे असलीच पाहिजे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

चौथा प्रश्न वाटेचा. मुलांनी महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर पसरला आणि बोटाने वाट काढली : धामापूरहून कणकवली, तेथून फोंडाघाट चढून दाजीपूर, पुढे राधानगरी, कोल्हापूर, आणि मग वारणेचे खोरे. ही वाटच एक पाठशाळा आहे. राधानगरी येथे राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले धरण आहे, आणि दाजीपूरच्या रानात गव्यांसाठी राखलेले, १९५८ साली घोषित झालेले अभयारण्य आहे. एका मुलीने शंका काढली, “गुरुजी, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत भेद काय?” शंका मार्मिक होती. दोन्ही ठिकाणी वन्यजीवांना संरक्षण असते. अभयारण्यात गुरे चारण्यासारख्या काही गोष्टींना नियम घालून मुभा देता येते; राष्ट्रीय उद्यानात गुरांना चरू देत नाहीत. तेथील बंधने अधिक कडक असतात.

घाटातील प्रवासाला नकाशावर दिसते त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून पहाटे निघावे आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. अंधारात तंबू उभारण्याचा प्रसंग ज्याने ओढवून घेतला, त्याने अर्धी सहल घालविली असे समजावे.

आता गणिताकडे वळू. आमची तीस मुले आणि चार वडीलधारी माणसे, एकूण चौतीस जण होते. चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठी दिवसाला सुमारे ३ लिटर पाणी लागते, असे धरले. म्हणजे केवळ पिण्यासाठी १०२ लिटर! स्वयंपाकाचे व भांडी घासण्याचे पाणी वेगळेच. तळ्याकाठी वाढलेल्या मुलांनी पाण्याचा असा हिशेब कधी केला नव्हता. भातासाठी दर जेवणी माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरला, तर चौतीस जणांना एका वेळी ३ किलो ४०० ग्रॅम, आणि चार जेवणांना १३ किलो ६०० ग्रॅम लागतो. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी व रात्री भात, वरण, एखादी भाजी; वाटेत खाण्यास चुरमुरे, गूळ, शेंगदाणे आणि केळी, असा बेत ठरला. एका चिरंजीवांनी सुके बांगडे नेण्याची सूचना केली, तेव्हा एकच हशा पिकला. बेत रुचकर होता, यात शंका नाही. पण त्यांचा वास दूरवर जातो आणि मुक्कामाजवळ नको ते पाहुणे येऊ शकतात. त्याच कारणाने रात्री खाद्यपदार्थ तंबूत ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून बंद खोलीत किंवा गाडीत ठेवावेत.

पेहराव साधा असावा. भडक रंग आणि अत्तरे टाळावीत. अत्तराचा वास किंवा धूर यांमुळे आग्या माशांचे मोहोळ खवळते. मोहोळ दिसताच आवाज न करता मागे फिरावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, मोजे आणि वापरून सैल झालेले बूट घालावेत. नवे बूट रानात प्रथमच घालणाऱ्याला पायाचे फोड सोबत करतात. प्रत्येकाजवळ विजेरी, शिट्टी, पाण्याची बाटली आणि आपला कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी असावी.

औषधांच्या पेटीत जंतुनाशक, कापूस, पट्ट्या, ताप व जुलाबावरील औषधे आणि क्षारसंजीवनीची पुडकी असावीत. चालून आल्यावर अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाहावे. आपल्या जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली, ती गोचिडांमार्फतच पसरली होती. फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे विषारी साप कोकणात व सह्याद्रीत आढळतात. न पाहता दगडाखाली किंवा बिळात हात घालू नये, रात्री विजेरीवाचून पाऊल टाकू नये, सकाळी बूट झटकून घालावेत. दुर्दैवाने सर्पदंश झालाच, तर जखम चिरू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू न देता विनाविलंब रुग्णालय गाठावे. सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे सर्पविषावरील लस आहे काय, याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी. रानात दूरध्वनीचा संपर्क पुष्कळदा तुटतो. म्हणून आपला मार्ग आणि परतीची वेळ कागदावर लिहून घरी ठेवावी.

एवढे सारे ऐकून एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, इतकी तयारी कशाला? दोन दिवसांचा तर प्रश्न!”

त्याला उत्तर म्हणून मी माझ्याच चुकीची हकीकत सांगितली. सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी एका शाळेत तरुण शिक्षक असताना, बावीस मुलांना घेऊन एका डोंगरावर गेलो होतो. चढताना मी मुले मोजली. उतरताना मोजली नाहीत. ‘एवढीशी तर वाट,’ असे मला वाटले. पायथ्याशी आलो तेव्हा मुले एकवीस भरली. सूर्य मावळला होता. त्या क्षणी माझ्या छातीत जे धस्स झाले, ते आजही आठवते. गावकरी कंदील घेऊन धावले. हाका मारीत आम्ही उलट चढलो. दोन तासांनी तो मुलगा सापडला. ज्या झऱ्यावर पाणी पिण्यास तो मागे राहिला होता, त्याच झऱ्यापाशी तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. “तू आम्हांला शोधीत का आला नाहीस?” असे मी विचारले. तो मासेमाराचा मुलगा होता. तो म्हणाला, “बाबा सांगतात, धुक्यात दिशा कळेनाशी झाली, की वल्ही मारीत भरकटू नये, नांगर टाकून थांबावे. म्हणून मी थांबलो.”

त्या रात्री शिक्षक मी होतो, पण धडा त्याने दिला. वाटेच्या एका बाजूला खोल दरी होती. तो अंधारात चालू लागला असता, तर काय झाले असते, याचा विचार मला आजही करवत नाही. तेव्हापासून मी काही नियम पाळीत आलो आहे. प्रत्येक मुलाला एक जोडीदार असावा आणि दोघांनी एकमेकांना दृष्टीआड होऊ देऊ नये. निघताना, थांबताना व पोहोचताना मोजणी व्हावी. सर्वांत पुढे एक व सर्वांत मागे एक वडीलधारा असावा. आणि वाट चुकलीच, तर आहे तेथे थांबून तीन वेळा शिट्टी वाजवावी.

बेत कागदावर कितीही सुबक असला, तरी तो पारखून घ्यावा लागतो. म्हणून आम्ही गावकऱ्यांना विचारून तळ्याजवळच्या एका मोकळ्या जागी एका रात्रीची रंगीत तालीम केली. तंबूसाठी जागा निवडताना वर वाळलेली फांदी नाही ना, खाली ओढ्याचे कोरडे पात्र नाही ना, जनावरांची वहिवाट नाही ना, हे मुलांनी पाहिले. तरीही एक तंबू मध्यरात्री कोसळला, मीठ घरी राहिले, आणि तीन विजेऱ्या पेटेनात. मुले हिरमुसली. मी म्हणालो, “हे येथे घडले, तेच बरे झाले. घर हाकेच्या अंतरावर आहे.” दुसऱ्या दिवशी प्रत्येक चूक वहीत लिहिली गेली, आणि तिच्यापुढे उपायही.

निघण्याच्या दिवशी एका मुलाची आजी त्याला निरोप देण्यास आली होती. ती सर्वांना उद्देशून म्हणाली, “रानात जातास, तर रानाच्या रितीन रवा.” आम्ही पानभर नियम लिहिले होते, तिने ते एका वाक्यात सांगितले.

रानाची रीत म्हणजे काय? हळू बोलावे, जनावरांना खाऊ घालू नये, दगड मारू नयेत, वाट सोडू नये. ओढ्यात साबण लावू नये. कारण तेच पाणी खाली मासे, जनावरे आणि माणसे पितात. जनावर दिसलेच नाही, तर रुसू नये. वाघ तर तेथे फारच थोडे. त्याचे दर्शन हा योग समजावा. पण ज्याला वाचता येते, त्याला रान कधीच रिकामे दिसत नाही. ओल्या मातीतील खूर, झाडावरील नखांचे ओरखडे, अर्धवट खाल्लेले फळ, शेकरूचे घरटे, ही सारी रानाची अक्षरेच आहेत.

आमचा मुक्काम सुखरूप पार पडला. गव्यांचा एक कळप दुरून दिसला. अस्वलाने उकरलेले वारूळ दिसले. परतीच्या दिवशी उद्यानातून बाहेर पडताना एक मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या वहीत धनेशाचे एक लांब काळे-पांढरे पीस होते.

“गुरुजी, हे वाटेत पडलेले सापडले. घरी नेऊ का?”

मी काहीच बोललो नाही. ती क्षणभर त्या पिसाकडे पाहत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, “तळ्याचे दागिने परत करायचे असतात, नाही?” आणि आमच्या वाटाड्याला बरोबर घेऊन, जेथे ते सापडले होते त्या झाडाखाली तिने ते हलकेच ठेवून दिले.

धामापूरला परतलो तेव्हा तळ्यावर सांजवेळ झाली होती. गाडीतून तीस मुले उतरली. मी ती मोजली, आणि मगच त्यांना घरी जाऊ दिले.